आठ मिनिटं चाळीस सेकंद

शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्याही आधी
डंकन ऑक्रॉइडने शटर अर्धं वर करून आम्हाला आत घेतलं,
वाकून, चोरांसारखं.
सहा वर्षं थांबलो होतो सॉल्ट लॅडरच्या नव्या अल्बमसाठी.
या सहा वर्षांत ग्लेनिसचा गुडघा बदलून झाला,
तारिकला जुळ्या मुली झाल्या,
माझ्या डोक्यावरचं उरलंसुरलंही गेलं.
बँडने मात्र होता तसाच राहावा
एवढीच आमची अपेक्षा.

सुई टेकली.
गिटार येईल, आता येईल, म्हणता म्हणता पहिलं गाणं संपलं.
दुसऱ्यात पायपेटी.
पायपेटी! मिरजेला नाटकाच्या तालमीत ऐकलेली, तसलीच,
भाता मारताना कुरकुरणारी.
आणि गायकाचा तो काच तडकवणारा आवाज
खाली येऊन बसला होता
जिना चढून दमलेल्या माणसासारखा.
शेवटचं गाणं आठ मिनिटं चाळीस सेकंद.
त्यात शब्द मोजून अकरा.

कोणी कोणाकडे बघेना.
मयताच्या घरी चहा पुढे आला तर घ्यावा की नाही,
तसं काहीसं.
तारिक म्हणाला, कव्हर छान आहे.
ग्लेनिस म्हणाली, हे गाणं नव्हे,
नळाखाली बादली लावून ठेवलीय कोणीतरी.
डंकनने मधेच सुई उचलली
आणि जुना अल्बम लावला, दुसरा,
तोंडाची चव बदलायला.

महिनाभर कोणी विषय काढला नाही.
हॅलिफॅक्सचा नोव्हेंबर. चार वाजताच दिवे,
टेकडीवरून उतरणारं धुकं,
काळ्या दगडांच्या भिंती, सदा ओल्या.
मी इस्पितळाच्या लॅबमध्ये, रात्रपाळीला.
सेंट्रिफ्यूज थांबत आलं की एक सूर धरतं, खालचा,
आणि एका रात्री मी त्या सुरावर पुढची ओळ गुणगुणलो.
कुठली ओळ, हे कळेपर्यंत
रक्ताच्या तीन नळ्या हातावेगळ्या झाल्या होत्या.
त्या अकरा शब्दांतले चार होते.
कोणाला सांगितलं नाही.

नवी वहाण चावते, तसं असेल.
चुलता म्हणायचा, चावते तोवर ती दुकानातली,
फोड बसला की आपली.
पण पाय बिचारे निमूट चालतात.
कान हुज्जत घालतात.

डिसेंबरात तारिक म्हणाला,
मुलींना ताप होता, झोपेनात,
पायपेटीचं लावलं तर निजल्या.
"फक्त त्यांच्यासाठी लावतो हं,"
कोणी विचारलं नसताना.

ग्लेनिस मिक्सनडेनची शेवटची बस चालवते.
त्या रात्री शेवटच्या थांब्यावर तिने इंजिन बंद केलं, दार उघडलं,
आणि तिच्या कोटाच्या खिशातून ते सुरू झालं,
बादली भरू लागली.
हे नियमात बसत नाही.
"उतरायचं तर उतरा," ती म्हणाली, मागे न बघता.
चिप्स खाणारी दोन पोरं, धुतल्या कपड्यांची पिशवी घेतलेली बाई, मी.
दारातून गारठा आत येत होता.
कोणी उठलं नाही.
आठव्या मिनिटाला गायक श्वास घेतो,
आता गाणार, असा,
आणि गात नाही.
बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.
ग्लेनिसने आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढली,
पकडली गेल्यासारखी.

डंकन अजून कबूल करत नाही.
दर शनिवारी म्हणतो, काही झालं तरी हा त्यांचा सर्वांत वाईट.
फक्त आता सुई उचलत नाही.
परवा एक गिऱ्हाईक कसलीशी किंमत विचारत होतं, पुन्हा पुन्हा,
शेवटचं गाणं आठव्या मिनिटाला आलेलं,
आणि डंकनने, पाठ त्याच्याकडे तशीच ठेवून,
एक बोट वर केलं.